पडदेवालीच्या केसांची हकिगत

प्रिय धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आधी सगळ्यांची चौकशी करते आणि मग माझं रडगाणं लावते, कारण क्रम चुकला की तू पुढचं वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे.

तुझा ताप पुन्हा उलटला नाही ना? जेवण जातंय का, की अजून ताटापुढे असं तोंड करून बसतेस की ताटालाच दया यावी? मेहुण्यांच्या कमरेचं काय? (त्यांना म्हणावं, पट्टा बांधून दिवसभर खुर्चीत बसलं की पट्ट्याला आराम पडतो, कमरेला नाही.) सासूबाईंची नवी कवळी बसली का नीट? मागच्या भेटीत त्या हसल्या तेव्हा कवळी त्यांच्या थोडी आधी हसली होती, ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांना माझा नमस्कार सांग, पण कवळीचं मी विचारलं हे सांगू नकोस. तुझ्या सूनबाईचा खोकला गेला का? आणि तुमचा तो बहिरा बोका कसा आहे, हाक मारली की अजून विरुद्ध दिशेला चालू लागतो का? इकडे तुझे भावजी ठणठणीत आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, पण ते मी काम सांगते तेव्हाच. चहा झाला म्हटलं की तीन खोल्यांपलीकडून ऐकू जातं.

आता मुद्द्याचं. तू चांगलं दोन पानी पत्र लिहिलंस, बोक्याच्या जुलाबांपर्यंत सगळं कळवलंस आणि अगदी शेवटी, कागदाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात लिहिलंस की नाट्यगृहाच्या उद्घाटनाला यायला जमणार नाही, कारण विचारू नकोस. बरं, नाही विचारत. कारण मला सूनबाईने फोनवर सांगितलंच आहे. (तिच्यावर रागावू नकोस. ती सांगत नव्हती, मी तिच्याकडून टाका टाका उसवून काढून घेतलं.) त्या मेल्या तापानंतर तुझे केस झडले, तेव्हापासून तू घराबाहेर पडली नाहीस, भाजी खिडकीतून घेतेस, मैत्रिणी आल्या की झोपेचं सोंग घेतेस, हे सगळं मला कळलं. पण मी त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. खाली केसांविषयी जे काही येईल ते फक्त माझ्या केसांविषयी आहे असं समजून वाच.

तर तुला माहीत आहेच, तरी पुन्हा सांगते, कारण मला सांगायला आवडतं: आमचं जुनं नाट्यगृह पाडून नवं बांधलं आणि त्याचा दर्शनी पडदा मी शिवला. गडद जांभळी मखमल. मशीनखालून तो सरकवताना वाटायचं की झोपलेल्या हत्तीला कूस बदलायला लावतेय. शिवण मी कुणाकडे शिकले नाही, तुला माहीत आहे. उसवून उसवून शिकले. आधी आपल्या घरच्या खिडक्या बिघडवल्या, मग शेजारच्या, आणि लोक पैसे द्यायला लागले तेव्हा कळलं की आता बरं जमायला लागलंय. तर पडदा टांगून झाला आणि तिथले व्यवस्थापक (कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की माणूस येण्याआधी आवाज येतो) मला म्हणाले, मावशी, उद्घाटनाला दोरी तुम्हीच ओढायची, मंचावर मधोमध उभं राहून, फोटोवाले येणार आहेत. मला आधी आनंद झाला, पण घरी पोचेपर्यंत तो विरून नुसती धास्ती उरली. आयुष्यभर मी लोकांना झाकायचं काम केलं. उघड्यावर उभं राहायची मला कुठली सवय? त्यातून माझं डोकं.

आपल्याकडे केस वारशाने येतात, पण वाटण्या होऊन होऊन माझ्या वाट्याला फारच थोडे आले. आठवतंय ना, आई वेण्या घालायची तेव्हा वेणी कमी आणि रिबीन जास्त असायची, आणि शाळेत पोचेपर्यंत रिबीन खांद्यावर येऊन बसलेली असायची, जसा काही तिचा वेणीशी संबंधच नाही. पुढे मी अंबाडा घालायला लागले, तो लसणाच्या पाकळीएवढा. त्याला एक आकडा पुरतो. दुसरा लावला तर दोघांच्या भांडणात अंबाडाच सुटतो. केस वाढले की मी कापडाच्या कात्रीने स्वतःच टोकं छाटायची, पडद्याची कड छाटते तशी. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती, कारण मागून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नसे.

पण मंचावर मागूनपुढून दिवे. मी हे दुःख औषधाच्या दुकानातल्या बाईला सांगितलं आणि तिथेच चुकलं. तिचे केस असे दाट की ती त्यात पेन खोचते, विसरते, दुसरं खोचते, आणि संध्याकाळी विंचरताना सगळी पेनं परत मिळतात. अशा श्रीमंतांनी गरिबांना सल्ले देऊ नयेत. पण देतात. ती म्हणाली, काकू, विरळ केस लांब ठेवायचेच नसतात, आखूड कापले की दुप्पट दिसतात. पुलाजवळ नवीन सलून निघालंय, तिथे जा. मीही गेले, अंगावर चांगले कपडे घालून, पिशवीत मोजायची फीत टाकून. (फीत मी कुठेही नेते. लोक रुमाल नेतात तशी.)

सलूनमध्ये आधी डोकं धुतात. खुर्चीत बसवून मान मागे एका खळग्यात टाकायला लावली, आणि माझा घसा असा वर आला की मनात नको नको ते विचार. ओले झाल्यावर माझे केस दिसेनासेच झाले. डोकं धुणाऱ्या पोरीने नळ बंद केला आणि दोन्ही हातांनी चाचपून खात्री करून घेतली. ही पोर म्हणजे तिथली मुख्य. तिच्या डोक्याची एक बाजू तासलेली आणि दुसरी खांद्यापर्यंत रुळणारी. मला वाटलं, कापताकापता कुणीतरी हाक मारली असेल आणि काम अर्धवट राहिलं असेल. पण नाही, ती फॅशन होती. हिला आपण कात्रीताई म्हणू. कात्रीताई म्हणाली, बोला मावशी, काय करायचंय? मी म्हटलं, कापड विरळ आहे, तेव्हा चुण्या जास्त घाल म्हणजे अंग भरेल, वरून फुगव, आणि खालची कड जमिनीला समांतर ठेव. ती म्हणाली, म्हणजे लेअर देऊ? मी म्हटलं, दे, पण अस्तर लाव. तिने माझ्याकडे बघितलं, मग कात्रीकडे बघितलं, आणि कामाला लागली.

आता खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा कापले ते छान झाले होते. हनुवटीपर्यंत आखूड, वाळवण्याच्या यंत्राने फुगवलेले, मी आरशात बघितलं तर एक टापटीप बाई बसली होती. मला तिचा हेवा वाटला. तिथेच उठायला हवं होतं. पण पडदेवाल्या माणसाची नजर कुठे जाते? खालच्या कडेवर. माझी गेली, आणि मला दिसलं की उजवी बाजू उतरलीय. जरा नाही, चांगली बोटभर. मी म्हटलं, ताई, उजवीकडे लोंबतंय. ती म्हणाली, नाही हो, सारखं आहे. मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर हेच बघतेय. तिने माझं डोकं दोन बोटांनी धरून सरळ केलं, बघितलं, आणि म्हातारीचं मन राखावं म्हणून उजवीकडे जराशी कात्री लावली. बोटं काढली. मी आरशात बघितलं तर उजवी बाजू तशीच उतरलेली. पुन्हा सांगितलं. पुन्हा तिने कापली. पण तीही हाडाची कारागीर. डोकं सरळ धरून बघते तर आता तिला डावी बाजू लांब दिसायला लागली. हे काही असं सोडणार नाही मी, म्हणाली, आणि डावी उजवीच्या बरोबर केली. तिने बोटं काढली, मी बघितलं: उजवी उतरलेली.

असं आम्ही दोघींनी अतिशय प्रामाणिकपणे काम केलं. ती धरायची तेव्हा तिला डावी लांब दिसायची, ती सोडायची तेव्हा मला उजवी. दोघींपैकी एक जरी कामचुकार असती तरी माझे केस वाचले असते. शेवटी मी पिशवीतून फीत काढून खांद्यापासून मापं घेतली, तर फीतही माझ्याच बाजूने बोलली, उजवीकडचं अंतर कमी. झालं. कात्रीताईला घाम फुटला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने डोक्यावर रंग थापलेला असताना वळून बघायला सुरुवात केली. कड हनुवटीवरून गालावर आली, गालावरून कानाच्या पाळीवर, आणि कानाच्या वर गेली तेव्हा कात्रीताई कात्री खाली ठेवून म्हणाली, मावशी, आता पुढे कान कापावे लागतील.

घरी आले. तुझे भावजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर बघून विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी म्हटलं, मी आहे. ते म्हणाले, ती बाहेर गेलीय. मग आवाज ओळखून चष्मा पुसायला लागले. मी रडत रडत सगळी हकिगत सांगितली, उजवी बाजू, डावी बाजू, फीत. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, आणि त्यांच्या गवंडीकामाच्या जुन्या पेटीतून पाणसळ काढून आणली. (भिंतीची पातळी बघायची ती पट्टी गं, मध्ये काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती.) मला म्हणाले, उभी राहा, जशी रोज राहतेस तशी. आणि ती पट्टी माझ्या डोक्यावर आडवी ठेवली. बुडबुडा जो डावीकडे पळाला तो कोपऱ्यात जाऊन बसला. भावजी म्हणाले, "केस सरळ आहेत. तू वाकडी आहेस."

मशीनवर बसून सुई बघता बघता माझी मान उजवीकडे कलली, धाकटे, आणि ती तशीच राहिली. मला पत्ताच नाही. माझ्या लेखी सगळं जगच जरासं डावीकडे झुकलेलं होतं आणि मी समजूतदारपणे चालवून घेत होते. मी भावजींना विचारलं, अहो, इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंत. तर म्हणतात, "मला वाटायचं, मी बोलतो तेव्हा तू कान देऊन ऐकतेस." आता यावर रागवायचं कसं, तूच सांग.

आता जे उरलं होतं ते तरी बरं दिसावं म्हणून मी औषधवालीकडे गेले. (पुन्हा तिच्याकडे का, असं तू म्हणशील. माझाही तोच प्रश्न आहे.) तिने एक डबा दिला, त्यातून पांढरा फेस निघतो. लिंबाएवढा घ्यायचा म्हणाली. मी घेतला, डोक्याला लावला, आणि तो गेला. कुठे गेला माहीत नाही, वाळूत पाणी जावं तसा. मग एक पावडर दिली, मुळांशी टाकायची, म्हणजे केस उठतात. केस उठले की नाही ते बघायला सवड मिळाली नाही कारण भावजी आणि मी दोघंही शिंकत होतो. मग केस गुंडाळायच्या नळ्या. पहिली गुंडाळली, हात काढला, ती सुटून जमिनीवर पडली आणि कपाटाखाली गेली, तिच्यामागून दुसरी गेली. माझे केस इतके गुळगुळीत आहेत की कशालाच धरून राहत नाहीत, अगदी आपल्या आत्याच्या मतांसारखे. शेवटचा उपाय म्हणजे डोकं गुडघ्यांत घालून उलटं वाळवायचं, म्हणजे मुळं उभी राहतात. मुळं उभी राहिली. मी राहिले नाही. भावजींना काखेत हात घालून मला उभं करावं लागलं, आणि ते म्हणाले की हे काम त्यांनी पूर्वी फक्त सिमेंटच्या पोत्यांसाठी केलं होतं.

तेव्हा मी स्वतःलाच विचारलं, तू पडदेवाली ना? मग जाळीचे पडदे मरगळले की काय करतेस? खळ घालतेस. मग कापडाला जे चालतं ते केसाला का चालू नये? दोन्ही धागेच. मी पिठाची दाट खळ शिजवली, गार केली, केसांना नीट चोपडली, पडद्याच्या चुण्या धरायचे चिमटे लावले आणि खिडकीत वाळत बसले. धाकटे, काय सांगू तुला. चिमटे काढले तर डोक्यावर अशी भरदार, उंच, चुणीदार कमान की एखाद्या राणीने मागून घेतली असती. भावजींनी बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. (गवंडी माणूस, नवीन काम दिसलं की ठोकतोच.) आतून पोकळ आहे, म्हणाले. मी म्हटलं, असू दे, वरून दिसतंय ना.

त्याच दिवशी नाट्यगृहात रंगीत तालीम होती. फक्त पडद्याची: दोरी ओढायची, पडदा उघडायचा, दिवे लावून बघायचे. मी अशी दिमाखात गेले की दारवानाने मला प्रमुख पाहुण्या समजून उठून दार उघडलं. मंचावर व्यवस्थापक होते, शिडीवर दिवेवाला होता आणि खाली कंत्राटदार होता, ज्याने हे नवं छत केलंय. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले, ते मी आदर म्हणून घेतलं. मग दिवेवाल्याने बाजूचा मोठा पंखा लावून बघितला आणि माझे केस मागून उचलले गेले. सगळेच्या सगळे, एका तुकड्यात, डब्याचं झाकण उघडावं तसे. पंखा बंद केला, झाकण बसलं. दिवेवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. व्यवस्थापकांनी दोष पंख्याला दिला. माणसं चांगली आहेत ती.

खरी गंमत दिवे लागल्यावर झाली. डोक्यावर ते एवढाले तापलेले दिवे, खाली मी, माझ्या डोक्यावर खळ. कोरडी खळ तापली की तडकते हे मला कळायला हवं होतं, जाळीच्या पडद्यावर इस्त्री जास्त झाली की तेच होतं. मी पडद्याची कड बघायला वाकले, मान हलवली आणि सरळ झाले, तर गडद जांभळ्या मखमलीवर पांढरे पोपडे. व्यवस्थापकांनी ते बघितले. मग हळूच वर बघितलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, छताचं प्लास्टर सुटतंय.

कंत्राटदार धावत आला. माझं छत? माझं प्लास्टर म्हणजे दगड आहे साहेब. व्यवस्थापक म्हणाले, मग हा दगड पिसासारखा का पडतोय? मी घाबरून दोन पावलं बाजूला सरकले, तर तिथेही पडलं. व्यवस्थापक ओरडले, इथेही. मी मागे गेले, तर मागेही. मी जिथे जाईन तिथलं छत खराब निघायला लागलं. सगळ्यांना मंचावरून खाली उतरवलं, परांची मागवली, एक माणूस वर चढून ठोकायला लागला, आणि व्यवस्थापक फोन लावून कुणा वरच्या साहेबांना सांगायला लागले की उद्घाटन पुढे ढकलावं लागेल, प्रेक्षकांच्या डोक्यावर छत येईल, जबाबदारी कोण घेणार. कंत्राटदार बिचारा खुर्चीत बसून कपाळ धरून म्हणत होता, अहो, मी स्वतः उभा राहून करून घेतलंय. मी त्याच्याजवळ उभी राहून सहानुभूतीने मान हलवत होते, आणि जितकी हलवावी तितकं त्याच्या खांद्यावर पडत होतं.

मला समजलं होतं गं. पहिल्या पोपड्यालाच समजलं होतं. पण एवढ्या माणसांपुढे सांगायचं काय, की हे छत नाही, माझं डोकं आहे? मनात आलं, गुपचूप घरी जावं, उद्घाटनाला येतच नाही म्हणून कळवावं, तब्येत बरी नाही म्हणावं, आणि केस वाढेपर्यंत दार लावून बसावं. अगदी पायरीपर्यंत गेलेही होते. तेवढ्यात कंत्राटदाराने खांद्यावरचा एक पोपडा उचलला, बोटांत चुरला, आणि काय वाटलं कोण जाणे, जिभेला लावला. म्हणाला, साहेब, हे प्लास्टर नाही. हे शिजवलेलं आहे. आता सगळे माझ्या दिशेने बघायला लागले, आणि तो गरीब माणूस असा आशेने की माझे पाय परत वळले.

मी म्हटलं, ते माझं आहे. व्यवस्थापकांनी विचारलं, काय तुमचं? मी म्हटलं, डोकं.

मग मी सगळं सांगितलं. कात्रीताई, पाणसळ, फेस, पावडर, खळ. आधी शिडीवरचा दिवेवाला हसला, त्याला शिडी धरून बसावं लागलं. मग कंत्राटदार हसला, तो तर रडायच्या बेताला होता म्हणून त्याचं हसू सगळ्यांत मोठं निघालं. व्यवस्थापकांच्या किल्ल्या हसल्या आधी, मग ते. आणि खरं सांगू, मीही हसले, इतकी की राहिलेली सगळी खळ गळून पडली. मग मी रंगपटात जाऊन नळाखाली डोकं धुतलं आणि तशीच ओली मंचावर येऊन उभी राहिले, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखी. माझ्यावर दिवा लावून बघायचा होता. व्यवस्थापक म्हणाले, मावशी, मान जरा सरळ ठेवा. मी केली, ती पुन्हा कलली. पुन्हा केली, पुन्हा कलली. तेव्हा शिडीवरून दिवेवाला म्हणाला, "राहू द्या हो, मी दिवा वाकडा करतो."

तर असं आहे. उद्घाटन ठरल्या दिवशीच आहे आणि मी आहे अशीच जाणार आहे. सासूबाईंना आणि मेहुण्यांना नमस्कार, सूनबाईला आणि लेकाला आशीर्वाद, बोक्याला जे त्याला चालेल ते.

तुझी,
थोरली

ता.क. छत तपासायला माणूस वर चढलाच होता, तर त्याला एका कोपऱ्यात खरोखरच एक पोपडा सुटलेला सापडला. प्रेक्षकांच्या रांगेवरच. तो पाडून पुन्हा नीट केला. त्यामुळे व्यवस्थापक आता सगळ्यांना सांगताहेत की मावशींनी मुद्दाम तपासणी घडवून आणली. मी नाही म्हणत नाही. कंत्राटदार मात्र त्या दिवसापासून मला बघितलं की हसत नाही.

आणखी एक ता.क. कात्रीताई रस्त्यात भेटली. अतिशय प्रेमाने वागली. फक्त एकच विनंती केली, केस कुठे कापले ते कुणाला सांगू नका.

शेवटचा ता.क., आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. मंचावर मधोमध उभं राहिलं की समोर नुसता काळोख दिसतो, धाकटे. मी उभी राहून बघितलंय. पहिल्या रांगेत मला एक ओळखीचं तोंड हवंय. तुझे भावजी असतील, पण दिवे मंद झाले की ते झोपतात, जसा काही त्यांना तसा हुकूमच आहे. म्हणून तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायला सांगितलीय, अगदी दोरीसमोरची. लोक बघतील याची तुला धास्ती आहे ना? मग मंचावर मला बघ. माझ्याकडे बघून कोणाची नजर शिल्लक राहिलीच तर ती खुशाल तुझ्याकडे येऊ दे. रुमाल बांध, टोपी घाल, काहीच घालू नकोस. डोक्यावर काय घेऊन येतेस ते तुझं तू ठरव, डोकं तेवढं घेऊन ये. आणि उत्तर लवकर लिही. येते, एवढं एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. पण येत नाही असं लिहायचं असेल तर ते कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात चालणार नाही, चांगली मोठ्या अक्षरांत चार पानं भरून कारणं लिही. तू किती आळशी आहेस ते मला माहीत आहे, म्हणून मी तुझं अंथरूण आत्ताच उन्हात टाकतेय.